स्लॅबची तीन कोटेशनं, तीन वेगळी मापं : दर एका पट्टीत कसे आणायचे? (जुळे सोलापूर)

कंबरतलाव
जुळे सोलापुरात तळमजल्यावरचा स्लॅब टाकायचा आहे. कॉलम उभे आहेत. ड्रॉइंगप्रमाणे स्लॅब २५ × ४० फूट, जाडी ५ इंच, बीम ९ × १५ इंच, सगळे बीम मिळून २२० रनिंग फूट. काँक्रीट एम२० प्रतीचं, सळई एफई ५००डी प्रतीची. शिवाय पुढे ४०० चौरस फूट पार्किंगचं काँक्रीट. जागा काळ्या मातीची.

कोटेशनं अशी आली आहेत:
अ : फक्त लेबर, १०५ रु. चौरस फूट. 'सगळं आलं त्यात' हे तोंडी.
ब : मटेरियलसह २६५ रु. चौरस फूट. एका ओळीचा कागद.
क : काँक्रीट सेंटरिंगसह (खालच्या प्लेटा-टेकू धरून) ९,००० रु. घनमीटर, सळई कापून-बांधून ७८ रु. किलो, वर जीएसटी १८ टक्के.

दुकानात विचारलेले भाव, रुपयांत : सिमेंट गोणीला ३५०, क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) ब्रासला ४,५००, खडी ब्रासला ३,२००, सळई किलोला ६०. यात स्वस्त कोण?

शेंगाचटणी
जो स्लॅबच्या आदल्या रात्री फोन उचलतो तो.

ओळंबा
दर बाजूला ठेवा, आधी माल काढा. माल हातात असल्याशिवाय चौरस फूट आणि घनमीटर यांची गाठ पडत नाही.

स्लॅब : १,००० चौरस फूट × ५ इंच = ४१७ घनफूट.
बीम : १५ इंचातले वरचे ५ इंच स्लॅबमध्ये आधीच मोजले गेले, म्हणून खाली लोंबणारे १० इंचच धरायचे. २२० × ०.७५ × ०.८३ = १३७ घनफूट.
एकूण ५५४ घनफूट, म्हणजे १५.७ घनमीटर.

एम२० चं १:१.५:३ (सिमेंट : वाळू : खडी) हे नॉमिनल प्रमाण धरलं तर एका घनमीटरला सिमेंट ८ गोण्या, वाळू ०.४२ घनमीटर, खडी ०.८४ घनमीटर. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. नासधूस धरून सिमेंट १३० गोण्या, क्रश सँड अडीच ब्रास, खडी ५ ब्रास (३ ब्रास वीस एमएम, २ ब्रास बारीक).

सळई ड्रॉइंगमधल्या शेड्यूलवरूनच काढायची. अंदाजासाठी, दोन्ही दिशांना ८ एमएमची सळई दर ६ इंचांवर आणि वरची जादा सळई मिळून स्लॅबला ६५० किलो, बीमना ७०० च्या आसपास. १,३५० किलो धरा.

आता कोटेशनं:
अ : माल १,५७,००० (सळईचे तुकडे आणि बायंडिंग वायर धरून) + लेबर १,०५,००० = २,६२,०००
ब : २,६५,०००
क : १,४१,३०० + १,०५,३०० = २,४६,६००, जीएसटीसह २,९१,०००

कागदावर अ स्वस्त दिसतो, तेही तीन हजारांनी. खरा फरक त्यांनी न लिहिलेल्या गोष्टींत आहे.

सळई_बारा
ओळंबा यांनी बीममधून ५ इंच वजा केले, पण क वजा करणार आहे का, ते विचारा. पूर्ण १५ इंच मोजले तर ६९ घनफूट, म्हणजे १.९५ घनमीटर दोनदा मोजलं जातं. ९,००० च्या दराने साडेसतरा हजार, त्यावर पुन्हा जीएसटी. घनमीटरच्या दरात ही सगळ्यात जुनी खोड. 'बीमचं माप स्लॅबच्या खालून' एवढे शब्द लिहून घ्या.

दुसरं, ७८ रु. किलो कुठल्या वजनावर? व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र, मीटरला किलो. ८ एमएम ०.३९५, १० एमएम ०.६१७, १२ एमएम ०.८८८, १६ एमएम १.५८. बारा मीटरची १२ एमएम सळई १०.६६ किलो भरायला हवी. सळईच्या आयएस १७८६ या भारतीय मानकात १० एमएमपर्यंत ७ टक्के आणि १६ पर्यंत ५ टक्के कमीजास्त चालतं. हलक्या बाजूचा माल आणायचा आणि बिल सूत्राच्या वजनावर करायचं, ही कमाईची जागा. १,३५० किलोवर ५ टक्के म्हणजे साडेसदुसष्ट किलो, ५,२६५ रुपये. काट्याची पावती आणि सूत्राचं वजन, दोन्हींतलं जे कमी असेल त्यावर बिल.

विजापूरवेस
ब चा एका ओळीचा कागद जास्त धोकादायक आहे. त्यात जाडी नाही, सळई नाही, ग्रेड नाही. १,००० फुटांच्या स्लॅबमध्ये एक इंच म्हणजे ८३ घनफूट : १९ गोण्या सिमेंट, पाऊण ब्रास खडी, ०.३५ ब्रास वाळू. तुमच्या भावाने १०,५०० रुपये. वरून बघून ४ इंच आणि ५ इंच कुणालाही कळत नाही.

सळईचंही तसंच. ६ इंचांऐवजी ८ इंचांवर ८ एमएम बांधली तर दोन्ही दिशा मिळून १२० किलो वाचते, सव्वासात हजार. दोन्ही मिळून जवळपास अठरा हजार. त्याचे २६५ कुठून आले ते यातून दिसतं.

जाडी तपासायची तर भरण्याआधी. सेंटरिंगच्या प्लेटांवर दर पाच-सहा फुटांवर ५ इंचांचे ठोकळे किंवा सळईचे तुकडे उभे करा, वरून दोरी. भरताना तेवढ्यापर्यंत आलं की झालं.

मुकादम_नाही
सगळे ठेकेदार चोर आहेत असं धरून लिहायलेत की ओ सगळे. मटेरियलसह दर देणाऱ्याचं भांडवल अडकतं, सिमेंट वाढलं तर त्याच्या अंगावर. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ चा १८ झाला, तेव्हा 'दर कमी करा' म्हणत सगळे मालक दारात. भाव वाढतो तेव्हा यातला एकही येत नाही.

विजापूरवेस
चोर म्हटलं नाही. लिहिलं नाही ते धरलं जात नाही, एवढंच. चांगल्या ठेकेदाराला '५ इंच, ८ एमएम ६ इंचावर, ८ गोण्या' लिहायला जड जात नाही.

ओळंबा
जीएसटीचं सांगतो, कारण क त्यामुळेच महाग दिसतोय. मटेरियलसह काम म्हणजे वर्क्स काँट्रॅक्ट, त्यावर १८ टक्के. एकट्या घराचं निव्वळ लेबरचं काम करमुक्त आहे, म्हणून अ ने कर लावला नाही ते बरोबर. ब ची नोंदणी नसेल तर तो कर लावूच शकत नाही, पण त्याने खरेदीवर भरलेला कर दरात आलेलाच असतो. क ला मात्र इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळतं, त्यामुळे त्याचा मूळ दर थोडा खाली यायला जागा आहे. तेवढ्यावर घासाघीस करा.

काळीमाती
अ च्या 'सगळं आलं' मध्ये काय येत नाही ते लिहितो. एकेक विचारा:

बीमच्या बाजूंचं सेंटरिंग १०५ मध्ये की रनिंग फुटाने वेगळं? छज्जा, जिना, बाथरूमचा सनका (खाली घेतलेला) स्लॅब? उंची किती फुटांपर्यंत, त्यावर टेकूचा जादा दर काय? मिक्सर-लिफ्टचं भाडं आणि डिझेल कुणाचं? व्हायब्रेटर कुणाचा? प्लेटांना लावायचं ऑइल, खिळे, सांध्यांच्या पट्ट्या? कव्हर ब्लॉक (सळई प्लेटेपासून उचलून धरणारे ठोकळे)? वरच्या सळईखालच्या चेअर? पाणी मारायला माणूस?

प्रत्येक गोष्ट दोन-चार हजारांची. बेरीज करा, अ चे २,६२,००० सहज २,८०,००० पर्यंत जातात.

शेंगाचटणी
सिमेंटच्या १३० रिकाम्या गोण्या आणि सळईचे तुकडे कुणाचे हे राहिलं. भांडणं त्यावरच होतात. शिवाय स्लॅबच्या दिवशीचं मटण कुणाकडून?

मुकादम_नाही
मटण मालकाचं. यात चर्चा नाही बे.

रिंगा_१३५
आयएस १८९३ या मानकाच्या २०१६ च्या नकाशात सोलापूर भूकंप क्षेत्र ३ मध्ये आहे. ३० सप्टेंबर १९९३ चं किल्लारी आपल्यापासून फार लांब नाही. तरी साइटवर बीमच्या रिंगांचे (सळयांभोवतीच्या कड्यांचे) हूक सर्रास ९० अंशांत वाकवलेले दिसतात. ड्रॉइंगमध्ये १३५ अंश असतात आणि वाकलेलं टोक निदान ६५ एमएम आत शिरायला हवं. १३५ ला फिटरला वेळ लागतो, म्हणून किलोचा दर कमी सांगणारा तिथे वेळ वाचवतो. बीमच्या टोकांजवळ रिंगा दाट, मध्ये विरळ. सरसकट ६ किंवा ८ इंच मारल्या असतील तर सोडून पुन्हा बांधायला लावा. तुमचे कॉलम उभे आहेत, त्यांच्या वर निघालेल्या सळयांच्या रिंगाही जोडाच्या भागात बांधलेल्या हव्यात. तो भाग बीमच्या गर्दीत हमखास मोकळा राहतो.

कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) : स्लॅबला २० एमएम, बीमला २५. खडीचा तुकडा सरकवून कव्हर करणाऱ्याला तिथेच थांबवा. ठोकळे आधीच पाडून पाण्यात ठेवायचे, किंवा तयार मिळतात.

उत्तरकसबा
एवढा खटाटोप कशाला, आरएमसी (प्लँटमधून गाडीने येणारं तयार काँक्रीट) मागवा. १६ घनमीटर म्हणजे तीन गाड्या, दोन-तीन तासांत स्लॅब मोकळा. बॅच स्लिपवर सिमेंट, फ्लायॲश, पाणी सगळं किलोत छापून येतं.

ओळंबा
जुळे सोलापूरच्या रुंद रस्त्यांवर चालेल. पेठांच्या बोळांत गाडीच शिरत नाही. पण तुलना करताना तीन गोष्टी मिळवा. पंपाचं भाडं ठरलेलं असतं, १६ घनमीटरला ते अंगावर येतं. पाइपात अडकून अर्धा घनमीटर तरी जातो. आणि पसरणारी, व्हायब्रेटर मारणारी माणसं तुम्हालाच द्यायची असतात. सेंटरिंगवालाही जादा टेकू मागेल आणि ते योग्य आहे, कारण काँक्रीट एकदम येऊन पडतं.

प्लँटमधून निघाल्यापासून गाडी रिकामी व्हायला दोन तासांपेक्षा जास्त लागू नयेत. घट्ट झालं म्हणून ड्रायव्हरने नळी लावली तर गाडी परत. स्लिपवर पाणी छापलेलं असतं, नळीचं छापलेलं नसतं.

फरमा
साइटवरच्या मिक्सरला नावं ठेवण्याआधी तो नीट वापरला जातो का ते बघा. घमेल्याने मोजणं बंद. एक गोणी सिमेंट म्हणजे ३५ लिटर. आतून ३५ × ३३.३ × ३० सेंटिमीटरचा फरमा करून घ्या. एका गोणीला दीड फरमा वाळू, तीन फरमे खडी. वाळू ओली असेल तर ती फुगते, चार-पाच टक्के ओलाव्याला २० ते ३० टक्क्यांपर्यंत. तेवढी जादा घातली नाही तर वाळू कमी पडून काँक्रीट खडबडीत होतं, मग मजूर ते मऊ करायला पाणी ओततो. बिघाडाची सुरुवात वाळूपासून होते, नाव पाण्याचं निघतं.

पाणी गोणीला २५ ते २७ लिटर, त्यातून ओल्या वाळूतलं वजा. मिक्सरपाशी खूण केलेली बादली ठेवा. क्रश सँडमध्ये बारीक भुकटी जास्त असली की ती पाणी पिते. त्यासाठी प्लास्टिसायझर वापरा, डब्यावर लिहिलेल्या मापात. आणखी पाणी नको.

एक गोणीचा एक घाणा, साधारण तीन मिनिटं. सव्वाशे घाण्यांना सहा-सात तास. उन्हाळ्यात असाल तर पहाटे पाचला सुरू करा, दुपारी बाराच्या आत संपवा.

विजापूरवेस
क्रश सँड नको, भीमेची वाळू मिळते का बघा.

फरमा
धुतलेली, योग्य चाळणीची क्रश सँड स्लॅबला चांगली चालते. वाळू-खडीच्या आयएस ३८३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत ती मान्य आहे. तुम्ही म्हणता ती नदीची वाळू पावतीशिवाय आली तर तहसीलची गाडी दारात, आणि गाळ किती ते काचेच्या बरणीत हलवून बघितल्याशिवाय कळत नाही. प्लास्टरचं वेगळं, तिथे चाळणी बदलते. दगडाची नुसती भुकटी क्रश सँड म्हणून खपवतात, ती ओळखा : मुठीत दाबून सोडल्यावर तळहात पांढराफट्ट राहिला तर परत पाठवा.

काळीमाती
मूळ धाग्यात पार्किंगही होतं, ते कुणीच धरलं नाही. तीनही कोटेशनांत ते 'काँक्रीट' म्हणून घुसवलं असेल तर फसाल. तिथे पैसा काँक्रीटच्या खाली जातो.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. थेट तिच्यावर ५ इंच ओतले तर दुसऱ्या पावसाळ्यात तुकडे. दीड-दोन फूट माती काढा, मुरूम ६-६ इंचांच्या थरांत पाणी मारून दाबा, वर ९ इंच डबर सोलिंग (मोठ्या दगडांचा थर), फटींत मुरूम, मग काँक्रीट. दीड फूट भराव म्हणजे दाबलेला ६ ब्रास; सुटा मुरूम पंचवीस टक्के जादा, साडेसात ब्रास लागेल. सोलिंग ३ ब्रास. काँक्रीट ४.७ घनमीटर, ३८ गोण्या.

मुरूम मोजताना ट्रॉली आतून मोजा. १० × ५ × २ फूट भरली तर एक ब्रास. वर शीग दिसते पण फळ्या दीड फुटाच्याच असतात. दर दाबलेल्या मापाचा की सुट्याचा, हे कोटेशनात हवंच.

दर १० ते १२ फुटांवर सांधा कापून घ्या, जाडीच्या चौथ्या हिश्शाइतका खोल, दुसऱ्या दिवसाच्या आत. गेटकडे १०० ला १ उतार.

कंबरतलाव
पार्किंगचं तिघांनीही '५ इंच काँक्रीट' एवढंच लिहिलंय. खोदाई, मुरूम, सोलिंग कुणीच नाही. आणि प्लेटा किती दिवस ठेवणार हे विचारलं तर अ म्हणतो आठ दिवस, क म्हणतो एकवीस. कोण बरोबर?

रिंगा_१३५
दोघंही अर्धे. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटला स्लॅबचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला ७ दिवस, बीमचे टेकू ६ मीटरपर्यंत १४ दिवस. पीपीसी (फ्लायॲश मिसळलेलं सिमेंट) असेल तर त्याहून जास्त, तुमचा इंजिनिअर सांगेल तितके. बाजारातलं बहुतेक सिमेंट पीपीसी आहे. आठव्या दिवशी बीमखालचे टेकू काढले तर बीम खाली बसतो, भेग नंतर दिसते. अ चा दर कमी असण्याचं हे एक कारण : प्लेटा लवकर सुटल्या की दुसऱ्या साइटवर जातात. म्हणून दिवस लिहूनच दर मागा.

उत्तरकसबा
काँक्रीटची ताकद तपासायला क्युब (ठोकळे) काढणार ना? १५ सेंटिमीटरचे. १६ घनमीटरच्या कामाला तीन नमुने, प्रत्येकी तीन क्युब. ७ दिवसांना साधारण ६५ टक्के ताकद दिसली पाहिजे, खरा निकाल २८ व्या दिवशी. चाचणीचा खर्च कुणाचा, आणि नापास झाले तर काय, हे पैसे देण्याआधीच ठरवा. शेवटचे दहा टक्के २८ दिवसांच्या निकालापर्यंत अडकवून ठेवा.

मुकादम_नाही
दहा टक्के अडकवा, पण सेंटरिंग झाल्यावर तीस आणि स्लॅब भरल्याच्या संध्याकाळी चाळीस टक्के रोख हातात द्या. मजुरांचा पगार शनिवारी असतो, अठ्ठावीस दिवस ते थांबत नाहीत. उरलेले वीस प्लेटा सुटल्यावर. हे ठरलं की कोणताही ठेकेदार दर पाच-दहा रुपयांनी खाली आणतो.

विजापूरवेस
हे पटलं. घ्या, एकदा तरी पटलं.

कंबरतलाव
तिघांनाही एकच तक्ता पाठवला : १५.७ घनमीटर, बीम स्लॅबखालून, १,३५० किलो, ८ गोण्या, १३५ चे हूक, टेकू इंजिनिअर सांगेल तितके, व्हायब्रेटर-डिझेल-कव्हर ठेकेदाराचे, क्युब माझ्या खर्चाने. पार्किंग वेगळं, थरांनुसार.

ब ने २६५ चे ३०५ केले. अ ने १०५ चे १२८, पार्किंगची खोदाई त्याला नको. क ने घनमीटर ८,६०० वर आणला, सळई ७६, पार्किंगचे थर लिहून दिले. माझ्या हिशेबाने अ २,८५,०००, क जीएसटीसह २,८०,०००, ब ३,०५,०००. म्हणजे सुरुवातीला महाग दिसलेला क आता सगळ्यात खाली. तारीख पुढच्या आठवड्यातली सुचवतोय.

ओळंबा
हिशेब बरोबर. तारीख ठरवण्याआधी नळाचा वार बघा. स्लॅबवर वाफे करून २ इंच पाणी उभं करायचं म्हणजे १६७ घनफूट, ४,७०० लिटर. उन्हात रोज पाऊण-एक सेंटिमीटर उडालं तरी ७०० ते ९०० लिटर रोजचे. पीपीसीला आणि आपल्या उन्हाला दहा दिवस किमान, चौदा चांगले.

शेंगाचटणी
उजनी धरण भरलं तरी नळ काही रोज येत नाही. स्लॅब नळाच्या आदल्या दिवशी टाका, बाकीचे टँकर क च्या की तुमच्या खर्चाने ते तक्त्यात दिसत नाही.

कंबरतलाव
नाही लिहिलंय. आत्ता फोन करतो.

काळीमाती
टँकरचं पाणी बोअरचं असेल तर आधी तपासून घ्या. सळईच्या काँक्रीटला क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं. मिक्सरला तेच पाणी जाणार असेल तर तपासणं जास्तच गरजेचं.

शेंगाचटणी
आणि गोण्या?

कंबरतलाव
गोण्या क च्या, सळईचे तुकडे माझे, टँकर निम्मे-निम्मे. मटण माझ्याकडे.